पुणे ते कन्याकुमारी सायकलने: शरीर काय सांगते आणि कधी थांबावे

गेल्या काही वर्षांत माझ्या दवाखान्यात एक नवीन कागद येऊ लागला आहे. ‘सायकल मोहिमेसाठी प्रकृती सक्षम असल्याचा दाखला’ असे त्यावर लिहिलेले असते. दिवाळी झाली की हे कागद वाढतात, कारण डिसेंबर-जानेवारीत पुण्याहून कन्याकुमारीला निघणारे अनेक गट असतात.

असाच एक कागद घेऊन चोपन्न वर्षांचे एक गृहस्थ आले होते. दहा वर्षांचा मधुमेह, बीपीची एक गोळी, वजन थोडे जास्त. सोबत मुलगी होती. ते म्हणाले, “डॉक्टर, फक्त सही हवी आहे. रोज वीस किलोमीटर चालवतो मी.” मी पेन उचलले तेवढ्यात मुलगी म्हणाली, “बाबांना कात्रजचा घाट चढताना ॲसिडिटी होते. उतरताना होत नाही.”

वडिलांनी तिच्याकडे रागाने पाहिले. मी पेन खाली ठेवले. त्या गृहस्थांचे पुढे काय झाले ते शेवटी सांगतो. आधी या प्रवासाकडे डॉक्टरच्या नजरेने पाहू.

हा प्रवास शरीरासाठी किती मोठा आहे?

पुण्याहून सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, दावणगिरी, चित्रदुर्ग, तुमकुरू, बेंगळुरू, कृष्णगिरी, सेलम, मदुराई, तिरुनेलवेली आणि नागरकोइल असा हा मार्ग साधारण १५०० किलोमीटरचा आहे. बहुतेक हौशी सायकलस्वार तो बारा ते पंधरा दिवसांत करतात, म्हणजे रोज १०० ते १२५ किलोमीटर आणि सहा ते आठ तास सायकलवर.

एका दिवसात १०० किलोमीटर चालवणे थोड्या सरावाने अनेकांना जमते. अवघड असते ते दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी पुन्हा तितकेच चालवणे. थकलेला स्नायू, सोललेली त्वचा, कमी झालेली झोप आणि शरीरातले घटलेले पाणी यांची भरपाई पूर्ण होण्याआधीच पुढचा दिवस सुरू होतो. म्हणून सरावात फक्त अंतर वाढवू नका. निघण्याआधी किमान दहा-बारा आठवडे सराव करा आणि शेवटच्या महिन्यात शनिवार-रविवार असे लागोपाठ दोन दिवस ८० ते १०० किलोमीटर चालवून पाहा. रविवारी सकाळी सायकलवर बसताना शरीर काय म्हणते, तेच खरे उत्तर.

निघण्यापूर्वी कोणत्या तपासण्या कराव्यात?

तिशीतल्या, कोणताही त्रास नसलेल्या आणि नियमित व्यायाम करणाऱ्या व्यक्तीला फार तपासण्या लागत नाहीत. बीपी, हिमोग्लोबिन, शुगर आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनची तारीख एवढे पुरते. पुढीलपैकी काही असेल तर मात्र डॉक्टरांशी सविस्तर बोला:

- वय ४५ च्या पुढे आणि व्यायामाची सवय अलीकडची
- मधुमेह, उच्च रक्तदाब, वाढलेले कोलेस्टेरॉल किंवा धूम्रपान
- वडील, आई किंवा भावंडांपैकी कोणाला कमी वयात हृदयविकार किंवा अचानक मृत्यू
- श्रम करताना छातीत जडपणा, जळजळ, दम, चक्कर किंवा धडधड
- मूत्रपिंडाचा आजार, फिट्स, दमा किंवा रक्त पातळ करणारी औषधे

अशा वेळी ईसीजी, गरजेनुसार टूडी इको आणि ट्रेडमिल चाचणी सांगितली जाते. ट्रेडमिल चाचणी नॉर्मल आली म्हणजे हृदयविकार होणारच नाही, असा त्याचा अर्थ नाही. चाचणीपेक्षा तुमची लक्षणे महत्त्वाची. चढावर येणारा आणि थांबल्यावर पाच-दहा मिनिटांत जाणारा त्रास, मग तो छातीत असो, जबड्यात असो, खांद्यात असो किंवा ‘पोटात वर गॅस’ असो, तो हृदयाचा आहे असे धरूनच तपासावा लागतो. ॲसिडिटीला चढ-उतार कळत नाही.

मधुमेह आणि बीपीची औषधे: घरची मात्रा रस्त्यावर चालेलच असे नाही

दिवसभर सायकल चालवणारा स्नायू रक्तातली साखर भराभर वापरतो. त्यामुळे इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांची शुगर एकदम खाली जाऊ शकते. ती सायकलवरच जाईल असे नाही. पुढचे चोवीस तास स्नायू आपला रिकामा झालेला साठा भरत असतात, म्हणून ती लॉजवर रात्री झोपेतही उतरू शकते. झोपण्यापूर्वी शुगर तपासा आणि खोलीतल्या सोबत्याला तुमचा मधुमेह माहीत असू द्या.

घाम, हातांची थरथर, चिडचिड, विसंगत बोलणे किंवा सायकल सरळ रेषेत न चालणे ही शुगर कमी झाल्याची लक्षणे आहेत. ग्लुकोमीटरवर आकडा ७० च्या खाली असेल तर तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा आणि मग काहीतरी खा. ग्लुकोमीटर हाताशी नसेल तर तपासण्यासाठी थांबू नका, आधी साखर घ्या. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नका.

आणखी तीन गोष्टी डॉक्टरांना आवर्जून विचारा.

पहिली, डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिनसारखी लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी औषधे. यांच्यासोबत घाम आणि उपासमार जमली तर शरीर कोरडे पडते आणि क्वचित रक्तात आम्ल वाढते. अशा वेळी शुगरचा आकडा फार चढलेला नसतो, त्यामुळे फसगत होते. मळमळ, पोटदुखी आणि जोरजोराने श्वास चालू झाला तर लगेच रुग्णालय गाठा.

दुसरी, लघवी वाढवणाऱ्या बीपीच्या गोळ्या. घाम आणि जुलाब यांच्या जोडीला या असतील तर उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते.

तिसरी, नाडी मंद ठेवणाऱ्या गोळ्या, उदाहरणार्थ मेटोप्रोलॉल. यांच्यामुळे घाटात नाडी हवी तितकी वाढत नाही, आणि शुगर उतरल्याची धडधडही झाकली जाऊ शकते.

यातली कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. मात्रा बदलायची असेल तर निघण्याच्या महिनाभर आधी बदलून, त्या मात्रेवर सराव करून पाहायला हवा. इन्सुलिन थेट उन्हात किंवा कॅरिअरवरच्या तापलेल्या बॅगेत ठेवू नका.

पहिले तीन दिवस: बसण्याची जागा, हात आणि गुडघे

बहुतेक लोक घाटाची भीती बाळगून निघतात आणि सीटपुढे हार मानतात.

*सीटखालची त्वचा.* घाम, घर्षण आणि दाब यांमुळे मांडीच्या सांध्याशी आणि सीटच्या हाडांवर त्वचा सोलवटते, मग तिथे बारीक गळवे येतात. पॅडची सायकल शॉर्ट आतल्या कपड्याशिवाय घालायची असते. आत चड्डी घातली की तिची शिवणच त्वचा कापते. रोज धुतलेली, पूर्ण वाळलेली शॉर्ट वापरा. निघण्यापूर्वी त्वचेवर पेट्रोलियम जेली किंवा सायकलस्वारांसाठीचे क्रीम लावा. मुक्कामी पोचल्यावर चहाआधी आंघोळ करा. घामट शॉर्टमध्ये तासभर गप्पा मारणे हेच अनेक गळवांचे मूळ असते. गळू फोडू नका. ताप आला, लाली पसरू लागली किंवा तुम्हाला मधुमेह असेल तर डॉक्टरांना दाखवा.

*बधिरपणा.* सीटच्या दाबामुळे पुरुषांना लिंगाच्या आणि स्त्रियांना योनीच्या आजूबाजूच्या भागात मुंग्या किंवा बधिरपणा येतो. लाजेपोटी याबद्दल कोणी बोलत नाही. तिथल्या नसेवर आणि रक्तवाहिन्यांवर दाब पडल्याची ही खूण आहे. दर दहा-पंधरा मिनिटांनी पेडलवर काही क्षण उभे राहा. सीटचे टोक वर उचललेले असेल तर ते सपाट करा. सीट फार मऊ असेल तर शरीर तिच्यात रुतते आणि मधला दाब उलट वाढतो. जाड गादीचे कव्हर घेऊन निघालेल्यांना हा धक्का असतो. उतरल्यावरही बधिरपणा राहत असेल तर त्या सीटवर पुढे जाऊ नका. तो काही दिवसांत गेला नाही किंवा लैंगिक संबंधांत अडचण येऊ लागली तर डॉक्टरांना भेटा.

*हात.* मी स्वतः हा प्रवास केला तेव्हा चित्रदुर्गच्या मुक्कामी सकाळी माझ्या शर्टाची बटणे लागेनात. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर झाले होते आणि चिमटीत जोर नव्हता. तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूने मनगटापाशी एक नस जाते. हँडलवर सतत भार टाकला की ती दबते. मी आदल्या दोन दिवसांच्या मुंग्यांकडे दुर्लक्ष केले होते. इतरांना जे सांगतो तेच मी पाळले नव्हते. हात पूर्ववत व्हायला सहा आठवडे लागले. तुम्ही पहिल्याच दिवशी लक्ष द्या. पॅडचे हातमोजे घाला, हँडल धरण्याची जागा सतत बदला, कोपर थोडे वाकवलेले ठेवा. हँडल फार खाली किंवा फार दूर असेल तर ते जुळवून घ्या. बोटांतली ताकद कमी झाली तर ब्रेकही नीट दाबता येत नाही, म्हणून हा नुसता हाताचा प्रश्न राहत नाही.

*गुडघे.* गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर बहुधा सीट खाली आहे. मागच्या बाजूला दुखत असेल तर बहुधा सीट फार वर आहे. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा थोडासा वाकलेला हवा. जड गिअरवर जोर लावत चढू नका, हलक्या गिअरवर पाय भराभर फिरवा. सीटची उंची एका वेळी काही मिलिमीटरच बदला. वेदनाशामक गोळी घेऊन तेच अंतर रेटणे मात्र धोक्याचे. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या, शरीरातले कमी झालेले पाणी आणि थकलेले स्नायू यांच्या एकत्र माऱ्याने मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

पाणी कमी, आणि पाणी जास्तही

उन्हात सायकल चालवताना ताशी साधारण अर्धा ते दीड लिटर घाम जाऊ शकतो. वाऱ्यामुळे तो लगेच वाळतो आणि आपल्याला घाम येतच नाही असे वाटते. संध्याकाळी टी-शर्टवर मिठाचे पांढरे नकाशे दिसतात तेव्हा हिशेब कळतो.

लघवी दोन-तीन वेळा, फिकट पिवळी होत असेल तर पाणी पुरेसे आहे. पाच-सहा तास लघवीच नाही किंवा ती गडद आहे, तर पाणी कमी पडते आहे. लघवीचा रंग काळ्या चहासारखा किंवा कोलासारखा झाला आणि स्नायू खूप दुखत किंवा सुजत असतील तर स्नायू तुटून त्यातला घटक मूत्रपिंडात जात असण्याची शक्यता असते. तिथेच थांबा आणि त्याच दिवशी रुग्णालयात जा.

पाणी जास्त झाले तरी त्रास होतो, हे अनेकांना माहीत नसते. भीतीपोटी तहान नसताना तासाला दोन-दोन बाटल्या साधे पाणी पीत राहिले तर रक्तातले सोडियम खाली जाते. डोके दुखते, मळमळते, बोटांतली अंगठी घट्ट होते, मग गोंधळ आणि फिटही येऊ शकते. ही लक्षणे पाणी कमी पडल्यासारखीच दिसतात, म्हणून सोबती आणखी पाणी पाजतात. भरपूर पाणी पिऊनही कोणी गोंधळल्यासारखे वागत असेल तर आणखी पाणी न पाजता रुग्णालय गाठा. साधा नियम असा: तहान लागेल तसे, थोडे थोडे प्या, आणि लांबच्या दिवसात पाण्याबरोबर मीठही पोटात जाऊ द्या.

ओआरएसचे एक लिटरचे पाकीट एक लिटर पाण्यातच मिसळा. अर्ध्या बाटलीत पूर्ण पाकीट टाकू नका. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला, चमचा चहाचा. शहाळे उत्तम, पण त्यात पोटॅशियम जास्त आणि सोडियम कमी असते, त्यामुळे घामातून गेलेले मीठ एकट्या शहाळ्याने भरत नाही. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी तर दिवसाला चार-पाच शहाळी पिऊ नयेत. बीपी किंवा हृदयाच्या रुग्णांनी ओआरएस किती घ्यायचे हे आधी विचारून ठेवावे.

उष्माघात कसा ओळखावा?

डिसेंबरातही तमिळनाडूत दुपारचे ऊन चटके देते. पेटके येणे, चक्कर आणि प्रचंड थकवा ही पहिली पायरी. इथे सावलीत आडवे व्हा, पाणी आणि मीठ घ्या, त्या दिवशी पुढे जाऊ नका. माणूस असंबद्ध बोलू लागला, अडखळू लागला किंवा बेशुद्ध झाला आणि अंग तापलेले असेल तर तो उष्माघात आहे. त्वचा कोरडीच असेल असे नाही, श्रमामुळे झालेल्या उष्माघातात ती घामाने ओलीही असते. रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत वाट न बघता अंगावर भरपूर पाणी ओता, वारा घाला, मान, काखा आणि जांघेत बर्फ ठेवा. यात मिनिटे मोलाची असतात. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही.

खाणे: भूक लागण्याआधी

स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर जोरकस श्रमात दीड-दोन तासांत बरीच संपते. मग पाय अचानक शिशाचे होतात, रडू येते, साधा हिशेब जमत नाही. हे टाळण्यासाठी तासाला साधारण ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके लागतात. एका मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम असतात. केळी, खजूर, चिक्की, गूळपोळी, भात, काहीही चालेल, पण दर पाऊण तासाने थोडे. मधुमेहींनीही हे खायचे आहे. किती, ते ग्लुकोमीटर आणि डॉक्टर ठरवतील.

बेळगाव ओलांडल्यावर जेवण बदलते. पोट बिघडवणाऱ्या गोष्टी बहुधा तिखट नसतात, त्या गार असतात: कापून ठेवलेली फळे, उघडी चटणी, बर्फ घातलेला रस. समोर वाफेवरून उतरलेली इडली आणि गरम सांबार हा सर्वांत सुरक्षित नाश्ता. जुलाब सुरू झाले तर ओआरएस घ्या आणि एक दिवस मुक्काम वाढवा. ताप असेल किंवा रक्त पडत असेल तर डॉक्टरांकडे जा. जुलाब थांबवण्याची गोळी घेऊन सायकल पुढे काढू नका.

कुत्रा मागे लागला आणि चावला तर?

पहाटे गावाबाहेर कुत्रे मागे लागणे हा जवळपास प्रत्येकाचा अनुभव. वेग वाढवून पळण्याच्या नादात तोल जातो. शक्य असेल तर वेग कमी करा, खाली उतरा आणि सायकल स्वतःच्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरा. बहुतेक कुत्र्यांचा पाठलाग तिथेच संपतो.

चावलाच, किंवा दात लागून नुसते खरचटले तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट लावू नका. त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. दंडात घ्यायच्या पद्धतीत ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी असे डोस असतात. त्वचेत देण्याच्या पद्धतीत ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. रक्त आले असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते, तेव्हा ते मिळणाऱ्या रुग्णालयातच जा. लस एका गावात सुरू करून दुसऱ्या गावात पुढे घेता येते. पहिला डोस हुबळीला झाला तर दुसरा तुमकुरूच्या आसपास आणि तिसरा तमिळनाडूत पडेल. त्यासाठी तारखा आणि पद्धत लिहिलेले कार्ड पाण्यापासून जपा आणि त्याचा फोटो घरी पाठवा. लक्षणे दिसू लागल्यावर रेबीजमधून रुग्ण वाचणे जवळपास अशक्य असते, म्हणून ‘कन्याकुमारीला पोचल्यावर बघू’ हे इथे चालत नाही.

वारा, ट्रक, अंधार आणि झोप

नागरकोइलच्या अलीकडे मुप्पंदल परिसरात पवनचक्क्यांचे रान आहे. त्या तिथे का उभारल्या ते सायकलस्वाराला लगेच कळते. बाजूने येणाऱ्या वाऱ्याला आपण अंग टेकून चालवतो. शेजारून मोठा ट्रक गेला की वारा क्षणभर अडतो आणि सायकल ट्रकच्या दिशेने झुकते, ट्रक पुढे गेला की उलट झोत बसतो. अशा पट्ट्यात रस्त्याच्या कडेच्या आत जागा राखून, हँडल सैल पण दोन्ही हातांनी धरा. झेपत नसेल तर उतरून चाला. शेवटच्या दिवशी उतरून चालण्याची लाज अनेकांना वाटते. वाटू देऊ नका.

अंधारात चालवणे टाळा. मागे लाल दिवा आणि अंगावर चकाकणारे जॅकीट दिवसाही असू द्या. रात्री सात-आठ तास झोप नसेल तर दुसऱ्या दिवशी दुपारी डोळा लागणे, वळण चुकणे, खड्डा उशिरा दिसणे हे ठरलेलेच. उतारावर दोन्ही ब्रेक थोडे थोडे वापरा.

पडल्यावर काय करावे?

हात पुढे टेकवून किंवा खांद्यावर पडल्याने गळ्याजवळचे हाड मोडणे ही सायकलस्वारांची नेहमीची इजा. तिथे सूज किंवा उंचवटा असेल, हात वर होत नसेल तर झोळीत बांधून एक्स-रे काढा. खरचटलेली जखम स्वच्छ पाण्याने भरपूर धुवा. धनुर्वाताचे इंजेक्शन पाच वर्षांत झालेले नसेल आणि जखम मातीची असेल तर घ्या.

डोक्याला मार लागला असेल, हेल्मेट तडकले असेल, तर ‘मी ठीक आहे’ या शब्दावर विसंबू नका. पुढील चोवीस तास माणसाला एकटे सोडू नका. वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, फिट, नाका-कानातून पाणी किंवा रक्त, एका बाजूची अशक्तता, यांपैकी काहीही दिसले तर तातडीने सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन अशी रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर लक्षणे नसतानाही दाखवा. एकदा आपटलेले हेल्मेट पुन्हा वापरू नका.

मान दुखत असेल किंवा माणूस बेशुद्ध असेल तर त्याला बसवू नका, पाणी पाजू नका. ११२ हा क्रमांक देशभर चालतो, १०८ ची रुग्णवाहिका महाराष्ट्र, कर्नाटक आणि तमिळनाडू तिन्ही राज्यांत आहे, आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ही मदतवाहिनी आहे. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ अ चे संरक्षण आहे, हे सोबत्यांनाही सांगून ठेवा.

ताबडतोब थांबा आणि वैद्यकीय मदत घ्या

- छातीत दाब, जळजळ किंवा जडपणा, विशेषतः घाम आणि दम यांच्यासह
- बेशुद्ध होणे किंवा होता होता वाचणे
- असंबद्ध बोलणे, तोल जाणे
- चहासारखी लघवी किंवा दिवसभर लघवी न होणे
- ताप असताना सायकल चालवणे (विषाणूचा ताप हृदयाच्या स्नायूलाही बाधू शकतो)
- हात, पाय किंवा सीटखालचा भाग उतरल्यावरही बधिर राहणे

हृदयविकाराचा झटका वाटत असेल आणि ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा आजार नसेल तर ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खा आणि रुग्णवाहिका बोलवा. सायकलवरून रुग्णालयात जाऊ नका.

घरच्यांनी काय करावे?

‘जाऊ नका’ एवढेच म्हणाल तर माणूस त्रास लपवू लागतो. त्यापेक्षा त्यांची औषधे, ॲलर्जी, रक्तगट, डॉक्टरांचा आणि घरचा फोन लिहिलेला कागद प्लॅस्टिकमध्ये घालून त्यांच्या खिशात ठेवा. मोबाइल लॉक असला की त्यातली माहिती कोणाच्या उपयोगाची नसते. औषधे दोन बॅगांत विभागून, चार दिवस जास्तीची द्या. रोज संध्याकाळी “कुठे पोचलात?” याबरोबर “आज लघवी कशी होती, हात बधिर आहेत का, शुगर किती?” हेही विचारा. आणि निघण्याआधीच ठरवा की कोणत्या लक्षणावर गाडीत बसून परत यायचे. घरी शांतपणे घेतलेला निर्णय रस्त्यावर पाळणे सोपे जाते.

परतल्यावर भूक आठ-दहा दिवस तशीच राहते, श्रम मात्र थांबलेले असतात. प्रवासात कमी केलेली मधुमेहाची मात्रा आता अपुरी पडू शकते, म्हणून पहिल्या आठवड्यात शुगर आणि बीपी तपासून घ्या. काही दिवस उदास, रिकामे वाटणेही नेहमीचे आहे. ते दोन आठवड्यांहून जास्त टिकले तर डॉक्टरांशी बोला.

त्या गृहस्थांचे काय झाले?

ट्रेडमिल चाचणी तिसऱ्याच मिनिटाला थांबवावी लागली. अँजिओग्राफीत हृदयाच्या मुख्य रक्तवाहिनीत मोठा अडथळा दिसला आणि स्टेंट बसवावा लागला. त्या वर्षी त्यांचा गट त्यांच्याशिवाय निघाला. ते माझ्यावर आणि मुलीवर बरेच दिवस नाराज होते.

पुढे त्यांनी टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवला, हृदयरोगतज्ज्ञांच्या परवानगीने पुन्हा सायकल घेतली आणि दोन वर्षांनी रोज ७० किलोमीटर असा बेत करून, एक गाडी सोबत ठेवून निघाले. मदुराईत ताप आला म्हणून तीन दिवस थांबले. आधीचे ते असते तर थांबले नसते. बावीस दिवसांच्या बेताचे पंचवीस दिवस झाले. कन्याकुमारीहून त्यांनी मला फोन केला तेव्हा समुद्राबद्दल काहीच बोलले नाहीत. म्हणाले, “डॉक्टर, मुप्पंदलला उतरून चाललो.”

दाखल्यावर मी सही करतो ती अशा माणसासाठी.